बागेच्या फाटकाची दोरी

माझ्या आईला सख्खी अशी एकच बहीण. ती दहिवडीच्या पुढं, माण तालुक्यातल्या एका वाडीवर राहायची. नवरा मुंबईला गिरणीत, मुलगे बापाच्या मागोमाग तिकडंच, आणि ही एकटी चार शेळ्या घेऊन घर राखत बसलेली. दर वर्षी चैत्रातल्या जत्रेच्या आधी तिचा निरोप यायचा. तिकडचं कुणीतरी सांगलीच्या बाजारात हमालीला आलेलं असायचं. ते दारात उभं राहून सांगायचं, "मावशीनं सांगितलंय, अवंदा तरी या." आई त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत दर वर्षी तेच म्हणायची, "यील की. पन हिला कोन बघंल?"

हिला म्हणजे मला. मी तेव्हा मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारी, चांगली पगारदार बाई होते. वर्गात माझ्या नुसत्या बघण्यानं मुली गप्प व्हायच्या. पण आईच्या लेखी मी अजून 'हिला'च होते, आणि त्याला कारणही होतं.

मी चालायला लागले त्याच वर्षी साताऱ्यात मला पोलिओ झाला. वडील तिथं कचेरीत कारकून होते, ते लवकर गेले. त्यानंतर शाळा, कॉलेज, परीक्षा, सगळीकडं आई माझ्याबरोबर होती. लहान होते तोवर कडेवर, मग हाताला धरून, आणि सांगलीला नोकरी लागल्यावर माझ्या तीनचाकी सायकलच्या मागं. ती सायकल हातांनी फिरवायची असते. माझे पाय गेलेले होते, हात चांगले दणकट होते. पण चढ असो, उतार असो, सपाट रस्ता असो, आई मागची दांडी धरूनच चालायची. शाळेत मला सोडून घरी जायची नाही. व्हरांड्यात गोधडी शिवत बसायची आणि शाळा सुटली की परत दांडीला हात. रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, काय माय आहे बघा. मला मात्र त्या दांडीचा राग यायचा. मी तशी तापट. रोज एकदा तरी म्हणायची, "आई, सोड." ती म्हणायची, "धरलंय कुटं?" आणि धरलेलंच असायचं.

आमच्या शाळेपासून जवळच, नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर नगरपालिकेची बाग होती. फार मोठी नव्हती, पण झाडं जुनी आणि नाना तऱ्हेची. बहावा, बकुळ, सातवीण, सीताअशोक, आणि एक कैलासपती, ज्याच्या खोडालाच फुलं आणि तोफेच्या गोळ्याएवढी फळं लागायची. शास्त्र शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा दुसरं काय हवं? पुस्तकातलं चित्र दाखवून मला कंटाळा आला होता. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून मी एका शनिवारी आठवीचा वर्ग घेऊन बागेकडं निघाले. पुढं मुलींची रांग, मागं मी, माझ्यामागं आई.

बागेच्या दारात फिरकी होती. जमिनीत रोवलेला एक खांब आणि त्यावर आडवे चार लोखंडी हात. माणसानं ढकललं की गरकन फिरायचं आणि एकेकाला आत सोडायचं. मुली हसत खिदळत भराभर आत गेल्या. एकीनं तर दोन चकरा जास्तीच्या मारल्या. सायकल आत जाणं शक्य नव्हतं, हे लांबूनच कळत होतं. मी म्हटलं, कुबड्यांवर जाऊ. आईनं मला उभं केलं, मी एक कुबडी आत टाकली, आणि फिरकीचा मागचा हात येऊन माझ्या पाठीत बसला. पुढचा हात पोटावर. कुबडी अडकली, पायातला लोखंडी आधार अडकला, आणि मी त्या यंत्रात उसाच्या कांड्यासारखी उभी राहिले. पुढंही जाईना, मागंही येईना. मुलींना हसू आवरेना आणि हसायची चोरी, म्हणून त्या तोंडावर हात दाबून उभ्या. शेवटी आईनं आणि दारात गाडा लावणाऱ्या भेळवाल्यानं मिळून मला मागं ओढून काढलं.

आता परत काय जायचं, म्हणून मी बाहेर गजांच्या कुंपणाजवळ सायकलवर बसले आणि मुलींना सांगितलं, "जा, एकेक पान घेऊन या. इथं बाहेरूनच शिकवते." एकेक म्हणजे एकेकच आणणाऱ्या मुली अजून जन्माला यायच्या आहेत. कुणी डहाळी आणली, कुणी शेंगा, कुणी तीन रंगांचे क्रोटन, कुणी सीताअशोकाची कोवळी लाल पानं मूठभर. मी गजांतून हात घालून घेत होते, नावं सांगत होते, आणि धडा असा काही रंगला की विचारू नका. तेवढ्यात आतून आरोळी आली.

"आवं बाई! झाडं बोडली की समदी! शाळा हाय का शेरडं सोडल्यात?"

माळी होता. वाळका, उंच, हातात खुरपं. त्याचा आवाज नदीपलीकडं ऐकू जाईल असा. मी म्हटलं, "पानं बघायला मला आत येता येत नाही. म्हणून पानं बाहेर आली."

"मग या की आत. कुनी धरलंय?"

"तुमच्या ह्या दारातून माझी गाडी आत नेऊन दाखवा, मग बोला."

तो दारापाशी आला. एकदा फिरकीकडं आणि एकदा माझ्या सायकलकडं बघितलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ती म्हशींसाठी लावल्याली हाय. दुस्काळात छावनीतनं सुटून जनावरं आत घुसायची, एका रातीत समदा हरळीचा गालिचा खाऊन गेली. तवापासनं हाय."

"बरं. म्हणजे म्हशी आणि मी."

तो खुरपं हलवत मागं वळला. गोळा केलेली पानं मात्र त्यानं सगळी परत मागितली. खताला लागतात म्हणाला.

घरी आल्यावर आईनं माझ्या पाठीला तेल लावलं. फिरकीच्या हाताचा वळ उठला होता. चोळता चोळता ती एकदम म्हणाली, "तुला एक दार उगडता येत न्हाई, पोरी. आन् तू म्हंतीस जा माणाला." मी म्हटलं, जा म्हणजे जा, माझं मी बघेन. पण माझ्या आवाजात दम नव्हता आणि तिला ते बरोबर कळलं.

त्याच सुमाराला मावशीचा निरोप आला, तोही जत्रेच्या वेळेला नाही, अवेळी. दुष्काळानं ती फार खचली होती. खडी फोडायच्या कामावर जाऊन छातीत काहीतरी बसलं होतं, खोकला जात नव्हता. निरोप आणणारा म्हणाला, "लय वाळल्यात. तुमचं नाव काडत्यात." आईनं त्याला पाणी दिलं. 'यील की' म्हणाली नाही. मला तिच्याकडं बघवेना. माझ्यामुळं ती अडकली आहे हे मला नेहमीच ठाऊक होतं, पण तोवर ते वर्षावर्षानं पुढं ढकलता येत होतं. आता मावशी पुढच्या चैत्रापर्यंत राहील की नाही, हेच सांगता येत नव्हतं. आणि मी एकटी बाहेर पडून परत घरी येऊ शकते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आई हलणार नव्हती. तिच्या मनात ते सगळं त्या बागेच्या दाराशी येऊन अडलं होतं. म्हणून माझंही तिथंच अडलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एका माजी सैनिकाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. साताऱ्या-सांगलीकडं लष्करातून परत आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, तसे तेही मेजर. एकाहत्तरच्या लढाईत एक पाय गुडघ्याखाली गेला होता आणि लाकडी पाय लावून ते दिवसभर दुकानात ठाकठूक करायचे. माझ्या सायकलची साखळी तेच बसवायचे. मी त्यांना फिरकीची हकीकत सांगितली, तर म्हणाले, "एवडंच व्हय? चार गडी आनतो, स्ट्रेचरवर घेतो, वरनं उचलून आत ठिवतो. दोन मिनिटांचं काम."

"मेजर, तुम्हाला स्ट्रेचरवर घालून बागेत नेलं तर आवडेल?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "न्हाई," म्हणाले. मग हसले. "बाई, तुमचं बोलनं म्हंजे थेट गोळीच. पन मीबी त्या फिरकीतनं कवा गेलो न्हाई. लाकडी पाय अडकतो. दुकानावरनं बाग दिसती, तेवडंच."

मला हे माहीतच नव्हतं. आणि एकदा बघायला लागल्यावर फिरकीबाहेरची माणसं दिसायलाच लागली. बागेसमोर हळदीचं दुकान असलेल्या जैन व्यापाऱ्यांच्या आई, सगळे त्यांना आक्का म्हणायचे, गुडघ्यांनी बेजार होत्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आत जेवण आटोपून दुकानाच्या पायरीवर बसायच्या आणि बागेकडं तोंड करून माळ ओढायच्या. बागेत बाकं होती, सावली होती, पण दोन्ही हातांत काठ्या घेऊन फिरकी कुठून ढकलायची? मेजर मला त्यांच्याकडं घेऊन गेले, कारण आक्कांचा मुलगा नगरपालिकेत निवडून आलेला होता.

आक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा पहिला प्रश्न असा आला, "त्या दिवशी पानं तोडली ती तुझ्याच मुलींनी?"

मी मान हलवली.

"झाडाला जीव असतो, बाळ. शिकवायला कशाला तोडायचं? झाडापाशी जाऊन बघावं." मग स्वतःच म्हणाल्या, "पण झाडापाशी जायला दार पाहिजे, नाही का?" आणि हसल्या. त्यांचे दात गेले होते, त्यामुळं हसणं अगदी पोरीसारखं दिसायचं. रात्री त्यांनी मुलापाशी विषय काढला असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेत निरोप पाठवला: बाजूला गवताच्या गाडीसाठी मोठं फाटक आहे, त्याची किल्ली माळ्याकडं असते, बाईंना यायचं असेल तेव्हा तो उघडून देईल.

दोन शनिवार छान गेले. माळी कुरकुरत का होईना, कुलूप काढायचा. मुलींनी एकही पान तोडलं नाही. आम्ही बकुळीखाली उभं राहून बकूळ शिकलो. तिसऱ्या शनिवारी माळी पुतणीच्या लग्नाला तासगावला गेला आणि किल्ली त्याच्या कनवटीला. मुली फिरकीतून आत गेल्या आणि मी पुन्हा गजाबाहेर. माझं बागेत जाणं तिकडं पंगतीत बसून बुंदीचे लाडू खात होतं. मागं आई उभी होती. दांडीवरची तिची पकड घट्ट झाली, आणि मी त्या दिवशी मनाशी ठरवलं की कुणाच्या कनवटीला बांधलेलं दार मला नको.

लग्नाहून माळी परत आल्यावर आक्कांच्या पायरीवर बैठक बसली. आक्का, त्यांचा मुलगा, मेजर, माळी आणि सायकलवर मी. फिरकी काढून तिच्या जागी फाटक बसवावं, एवढंच माझं मागणं होतं. आक्कांच्या मुलानं आधीच सांगून टाकलं, "फाटक सताड उघडं ठेवणार नाही. एक जनावर आत घुसलं तरी दुसऱ्या दिवशी फिरकी परत लावणार. लोक मला जाब विचारतात." त्याचंही खोटं नव्हतं.

माळी म्हणाला, "म्हस लय ताकदीची. कुटलंबी फाटक ढकलती. कडी घातली तर थांबती. पन कडी घालायची-काडायची कुनी?"

"कडी वरनं दोरीनं उचलली तर?" मेजर म्हणाले. "आमच्या मेसचं दार दोन्ही बाजूंनी उगडायचं आन् आपसूक मधी येऊन थांबायचं. तसं करायचं, वर कडी बसवायची, कडीला दोरी. दोरी वडली की कडी वर, मग ढकला."

"म्हस दोरी वडनार न्हाई," माळी विचार करत म्हणाला. "ढकलायचं तिला कळतं. वडायचं न्हाई कळत."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दोरी माझ्या हाताला आली पाहिजे. उभ्या माणसाच्या नाही, बसलेल्या माणसाच्या. आणि आतूनही एक हवी, नाहीतर आत जाऊन मी रात्रभर तुमच्या बागेत." आक्का म्हणाल्या, दोरीला लाकडाची मूठ असू द्या, माझी बोटं वळत नाहीत. मेजर म्हणाले, उंबरा नको, माझा पाय अडतो. असं करता करता ज्याला जे नडत होतं ते प्रत्येकानं सांगितलं. आक्कांच्या मुलानं नगरपालिकेच्या सुताराला फाटकाचं काम दिलं. माळ्यानं भावाच्या विहिरीवरचं मोटेचं जुनं चाक आणलं, कारण विहिरीवर आता इंजिन आलं होतं. मेजरनी ते चाक खांबाच्या वर बसवून त्यावरून दोरी सोडली. आतल्या वाटेवर बारीक खडी होती आणि त्यात माझी चाकं रुतायची. आठवीच्या मुलींनी श्रमदानाच्या तासाला ती खडी बाजूला ओढली, मुरूम टाकला, पाणी मारून चोपला. घरी केरवारा करताना तोंड वाकडं करणाऱ्या मुली तिथं एकमेकींच्या हातातून फावडी ओढत होत्या.

फाटक तयार झालं त्या सकाळी नारळ फोडायच्या आधी परीक्षा घ्यायची ठरली. माळ्यानं मेव्हण्याची म्हैस आणली. चांगली दांडगी, पंढरपुरी, लांब शिंगांची. तिला दोन दिवस नुसत्या कडब्यावर ठेवलं होतं आणि फाटकाच्या आत हिरवीगार मक्याची पेंढी टाकली होती. सगळा रस्ता जमला. म्हशीनं डोकं लावलं, फाटक कुरकुरलं. खांदा लावला, फाटक थरथरलं. दोरीची मूठ तिच्या नाकासमोर लोंबत होती, ती तिनं जिभेनं चाटून बघितली, आणि आक्कांच्या मुलानं श्वास रोखला. पण खारट लागली नाही म्हणून की काय, तिनं ती सोडून दिली. मग मागं सरून तिनं आम्हा सगळ्यांकडं असं काही बघितलं की बोलावून अपमान केल्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळ्यालाच शेवटी दया आली आणि त्यानं पेंढी बाहेर आणून तिला घातली.

मग आक्कांनी मूठ ओढली. कडी वर गेली, काठीनं फाटक ढकललं, आणि त्या आत गेल्या. बकुळीखालच्या बाकावर जाऊन बसल्या आणि कितीतरी वेळ तिथंच होत्या. मेजर गेले. मी गेले. आईनं मागून दांडी धरलेली होती, त्यामुळं ती पण आली.

त्यानंतर रविवारी सकाळी आम्ही झाडओळख सुरू केली. शाळेच्या मुली यायच्याच, पण हळूहळू इतर माणसंही येऊ लागली. एक आजारातून उठलेले मास्तर, बाळाला घेऊन शेजारची सून, मिरजेच्या दवाखान्यात पायाला आधार लावून आलेली एक मुलगी आणि तिचे वडील. नियम एकच, पान झाडावरच बघायचं. खाली पडलेलं उचललं तर चालेल. माळी लांबून खुरपणी करत ऐकायचा आणि मी एखादं स्थानिक नाव चुकले की मोठ्यानं खोकायचा. मीही त्याला सोडत नसे. त्याच्या मते कैलासपतीच्या फुलात नाग असतो. मी ते फूल उघडून पुंकेसर दाखवले, तरी तो म्हणाला, "आसंल, पन नागबी हाय." त्या दिवसांत मी फार सुखात होते. आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी मी नेलेली नव्हते, मी लोकांना नेत होते.

पण आई अजून मागंच होती. दार मला उघडतं हे तिनं बघितलं होतं, पण ती जवळ असताना. मावशीचा खोकला कमी नव्हता. शेवटी एका दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला म्हटलं, "आज तू घरी जा. मी बागेत एक चक्कर मारून एकटी येते." ती नको म्हणाली. मी चिडले, नको तेवढी चिडले, आणि ती गोधडी काखेत घेऊन निघून गेली.

मी बागेपाशी आले आणि बघते तर दोरी वर. मूठ खांबाच्या माथ्याशी गुंडाळून ठेवलेली. पोरं दोरीला लटकून झोके घ्यायची, म्हणून माळ्यानं ती वर बांधून ठेवली होती आणि स्वतः नदीकडं पाणी सोडायला गेला होता. उन्हं अजून उतरली नव्हती, रस्त्यावर कुणी नाही. माझ्यासाठी केलेलं फाटक पुन्हा माझ्यासाठीच बंद झालं होतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. हाक मारली असती तर मेजर आले असते, भेळवाला आला असता. पण ज्यासाठी सगळं केलं ते मग गेलंच असतं. मी सायकल खांबाला लावली, चाकाला दगड लावता येईना म्हणून ब्रेक दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं कुबडी वर केली. कुबडीचं टोक गाठीत शिरायला किती वेळा निसटलं देव जाणे. हात भरून आला. एकदा कुबडी हातातून सुटता सुटता वाचली. मग कुठंतरी गाठ सैल पडली, दोरी सरसरत खाली आली आणि मूठ माझ्या मांडीवर आपटली. मी ती ओढली आणि आत गेले. बकुळीखाली सायकल उभी केली. तिथं मी काहीच केलं नाही, नुसती बसले. मग आतली दोरी ओढून बाहेर आले आणि घरी गेले.

माळ्याला मी दुसऱ्या दिवशी चांगलं फैलावर घेतलं. तोही खजील झाला. त्यानं आतल्या कडुनिंबाला पोरांसाठी एक जुना टायर टांगला आणि फाटकाची दोरी पुन्हा कधी वर बांधली नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगत होते. घरी आले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. मी दोरीचं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "जाऊन आले." तिनं भाकरी थापायला घेतली. थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुबडी खाली पडली असती म्हंजे?"

म्हणजे ती तिथं होती. घरी गेलीच नव्हती. भेळवाल्याच्या गाड्याआड उभी राहून तिनं सगळं बघितलं होतं. माझा हात निसटताना बघितला, मला रडताना बघितलं, आणि ती आली नाही. मला माहीत आहे, मला सावरायला धावणं तिला श्वास घेण्यासारखं होतं. त्या दिवशी तिनं तो श्वास धरून ठेवला होता.  मी म्हटलं, "पडली असती तर कुणाला तरी उचलायला सांगितलं असतं." ती म्हणाली, "व्हय, तसंबी करता आलं असतं." आणि जेवणं झाल्यावर तिनं फळीवरची कापडी पिशवी खाली काढली.

दोन दिवसांनी ती निघाली. मी स्टँडवर सोडायला गेले, माझी मी सायकल फिरवत आणि ती दांडी सोडून बरोबरीनं चालत. विट्याला गाडी बदलायची हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि ती मला भाकरीचं पीठ कुठं आहे, ते सांगत राहिली. आठ दिवसांत येते म्हणाली. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून तिचा हात बाहेर आला, पण हलवावा की काय करावं ते तिला कळलं नाही, तसाच राहिला.

मी आठ दिवस शाळेत गेले, बागेत गेले, वाकड्या भाकऱ्या केल्या. रात्री घर फार मोठं वाटायचं. आठवा दिवस उजाडला तेव्हा शाळा सुटल्यावर मी घाईनं घरी आले आणि गाड्यांच्या वेळा मोजत दारात बसले. आई आली नाही. संध्याकाळी दहिवडीकडचा एक माणूस आला, डोक्यावर मुंडासं, हातात मावशीनं पाठवलेली हुलग्यांची पुरचुंडी.

"मावशीला जरा बरं हाय," तो म्हणाला. "तुमची आई आनखी ऱ्हानार हाय म्हनली. दोगी दिसभर बोलत बसत्यात, झोपंतबी बोलत्यात. आन् तुमास्नी ईचारून यायला सांगितलंय, मी ऱ्हायली तर चालंल न्हवं?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी फार एकटं वाटलं. मी म्हटलं, "चालेल म्हणावं. हवं तेवढं राहा म्हणावं."

मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर पुरचुंडी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तशीच दारात बसून राहिले. आईनं कुठं जायचं, कुठं राहायचं, हे इतकी वर्षं माझ्या पायांवर ठरत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं ते मला विचारलं होतं.